थर्लो पिंकहॅमच्या बीन्स

थर्लो पिंकहॅमच्या खड्ड्यातल्या बीन्स खायला नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतूनही माणसं यायची. अमेरिकेतल्या अख्ख्या मेन राज्यात अशा बीन्स नाहीत, असं आमच्याकडे सगळे मानतात. उन्हाळ्यात गवत कापून झालं की दर शनिवारी बंबखान्याच्या पटांगणात गावजेवण असायचं. हॅम, कोबीची कोशिंबीर, वाफवलेला काळसर पाव बायका घरून आणायच्या. बीन्स मात्र थर्लोच्या. नावाला तोंडीलावणं, पण लोक हॅम बाजूला सारून पुन्हा त्याच वाढून घ्यायचे.

थर्लोचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला. बोलणं बेताचंच. बीन्सचा विषय निघाला की मात्र जीभ सैल सुटायची. आदल्या दिवशी तो दगडांनी बांधलेल्या खड्ड्यात मेपलचे ओंडके जाळायचा. धग बसून लालभडक निखारे उरले की बिडाचा हंडा आत उतरवायचा. हंड्यात भिजवून उकडलेले घेवड्याचे दाणे, काकवी, मोहरीची पूड, कांदे आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे जाड तुकडे. झाकणावर पुन्हा निखारे, त्यावर माती. दुसऱ्या दिवशी दुपारी माती उकरून झाकण काढलं की तो गोड, धुरकट वास सुटायचा आणि गप्पा मारणारी माणसं आपोआप रांगेत यायची.

शेजारची एडविना कॉब तेवढी दर वेळी आपल्या ओव्हनमधल्या बीन्स हट्टाने घेऊन यायची. त्यात काकवीऐवजी मेपलचा पाक.

"एडविना, तुझ्या बीन्स भाजल्या नाहीत, त्यांना नुसता ताप आलाय," थर्लो म्हणायचा.

"आमच्याकडे एकदा पुरलेलं कुणी परत उकरून ताटात वाढत नाही," ती म्हणायची.

मग एका हिवाळ्यात थर्लोला जोराचा ताप आला. ताप उतरला, पण नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी झाली. वखारीत गेला तर ताज्या कापलेल्या देवदारालाही वास नव्हता, आणि ते त्याच्या मनाला सगळ्यात जास्त लागलं. त्याने हे फक्त बायकोला, लिओटाला सांगितलं. लिओटा म्हणाली, चव मी बघेन, तुझा हात तर शाबूत आहे. तेव्हापासून हंडा पुरण्याआधी ती चमचाभर रस चाखायची आणि म्हणायची, छान झालंय. हात खरोखरच शाबूत होता, त्यामुळे निभावून गेलं.

पुढच्या एका उन्हाळ्यात दुकानात नेहमीची काकवी नव्हती. थर्लोने दुसरी आणली, काळीकुट्ट, डांबरासारखी जाड. लिओटाने चाखली आणि म्हणाली, छान झालंय.

त्या शनिवारी लोकांनी ताटं संपवली, पाणी भरपूर प्यायले, थर्लोची पाठ थोपटली. पण दुसऱ्यांदा वाढून घ्यायला कुणी आलं नाही. थर्लो डाव धरून उभाच राहिला. हंडा अर्धा भरलेला. पलीकडे एडविनाच्या भांड्याचा तळ दिसत होता.

घरी आल्यावर त्याने हंडा घासणाऱ्या लिओटाला विचारलं, आज काय बिघडलं होतं.

"मला नाही सांगता येत, थर्लो. मला बीन्स आवडतच नाहीत. कधीच आवडल्या नाहीत. मला सगळ्या सारख्याच लागतात."

"दर शनिवारी खातेस की."

"तू करतोस म्हणून. तुझ्या आईकडे पहिल्यांदा जेवले तेव्हा भिडेखातर दोन वाट्या खाल्ल्या. तेव्हापासून सगळे मला वाढतायत."

थर्लो खुर्चीत बसला. आधी त्याला वाईट वाटलं, मग एवढे सगळे शनिवार डोळ्यांपुढे आले आणि तो हसत सुटला. लिओटाही हंड्यावर ओणवी होऊन हसली. पण ती झोपायला गेल्यावर तो एकटाच बसून राहिला. आता चव कुणाला विचारायची?

एका जिभेवर त्याचा भरवसा होता, आणि तेच अवघड होतं. सोमवारी तो कुंपण ओलांडून गेला. एडविना कपडे वाळत घालत होती. त्याने आडवळण न घेता नाकाचं आणि जिभेचं सगळं सांगून टाकलं. टोमणा येईल म्हणून तयारीतच होता, पण तिने हातातला चिमटा टोपलीत टाकला आणि म्हणाली, "कडू होत्या."

"किती?"

"औषधासारख्या. मी सगळ्या संपवल्या."

"का?"

"तू बघत होतास."

चव बघायला ती तयार झाली, पण थोडा तिचा मेपलचा पाक हंड्यात पडणार, या अटीवर. थर्लोने, गावाला तोंड कसं दाखवू, वगैरे कुरकुर केली आणि शेवटी मान हलवली.

पुढच्या जेवणाच्या आदल्या दिवशी एडविना चमचा घेऊन खड्ड्याशी उभी होती. मोहरी कमी आहे, कांदा वाढव, मीठ पुरे, असं तिचं चाललेलं, आणि थर्लो ती सांगेल तसं करत होता. शनिवारी हंडा जवळजवळ रिकामा झाला. लिओटाने सगळ्या गावादेखत ताटात हॅम आणि कोशिंबीर घेतली, बीन्सला हात लावला नाही. दोघातिघांनी विचारलंही, बरी आहेस ना.

तळाशी उरलेल्या बीन्स घेऊन थर्लो बाकावर एडविनाशेजारी बसला. तोंडात त्याला फक्त गरम आणि मऊ लागत होतं.

"सांग," तो म्हणाला.

तिने एक घास घेतला, सावकाश चावला. "आधी काकवी लागते. मग माझा पाक, हलकासा. मग धूर येतो, घशापर्यंत जातो. मोहरी अगदी शेवटी."

"आणि डुकराचं?"

"ते विरघळलंय. शोधावं लागतं."

थर्लोने मान डोलावली आणि पुढचा घास घेतला. आपण कधी गिळायचं हे तिच्या तोंडाकडे बघून ठरवत, त्याने ताट संपवलं.