घाटावर सांगितलेली लेकरं

उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला त्या सुमाराची ही गोष्ट. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. शाळेच्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं होतं. ते खोडून वर हातानं 'लातूर' लिहायचं काम हेडमास्तरांनी माझ्याकडं दिलं होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. टँकर आला की निम्मी मुलं घागरी घेऊन रांगेत पळायची आणि शाळा आपोआप सुटायची.

मी तिशीला टेकले होते, लग्न झालं नव्हतं. भाड्याच्या खोलीत एकटीच राहायचे. पाचला शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी दहापर्यंत कुणाशी बोलायचा प्रसंग येत नसे. कधी कधी सकाळी हजेरी घेताना पहिल्याच नावाला आवाज फुटायचा नाही.

डिसेंबरात मैत्रिणीचं पत्र आलं. डी.एड.ला आम्ही दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिलो होतो. पुढं ती नांदेडला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर झाली, तिथंच तिचं लग्न झालं. तिनं लिहिलं होतं, 'यांची बदली झाली. लातूरला नवीन ऑफिसात माणसं पाहिजेत म्हणे. रविवारी येऊन जातेत. नाताळच्या सुट्टीत तू ये. मी रजा टाकते. आठ दिवस नुसतं लोळू, ऊन खाऊ.'

एसटी लोह्याच्या पुढं गेल्यापासूनच मी खिडकीतून नांदेड कधी दिसतं ते बघत होते. स्टँडवर ती स्वेटर घालून उभी होती. "किती वाळलीस गं!" म्हणत तिनं माझी पिशवी ओढून घेतली. घरी गेल्या गेल्या तिनं दोन बादल्या गरम पाणी काढलं. पाणी वाहून जाऊ नये म्हणून मी मोरीच्या तोंडाशी घमेलं ठेवलं, तेव्हा ती दारातून पोट धरून हसली. मग गच्चीवर उन्हात बसून आम्ही ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. हॉस्टेलच्या गोष्टी निघाल्या. किती दिवसांनी मी एवढी बोलले होते.

संध्याकाळी ऑफिसातून माणूस आला. तिच्या जागेवरची बाई आजारी पडली होती, रजा रद्द. "दोनच दिवसांचा प्रश्न हाय," ती म्हणाली. पण दोनाचे चार झाले.

सकाळी साडेनऊला ती जायची, सहाला यायची. मधे मी. तिच्या साड्यांना इस्त्री केली, तांदूळ निवडले, रेडिओ ऐकला, जिन्यात जाऊन बसले. शेजारच्या दोन्ही दारांना कुलपं. एवढ्या मोठ्या गावात बोलायला कुणीतरी असेल असं मला वाटलं होतं. दिवसभर मनात साठवलेलं संध्याकाळी तिला सांगायचं ठरवायचे, आणि ती आली की म्हणायची, "थोडा वेळ गप बसू दे गं. बोलून बोलून तोंड दुखून राहिलंय." मग आम्ही दोघी गप बसायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी घराला कुलूप लावून नदीवर गेले. गोदावरी आक्रसली होती, तरी पाणी होतं. नुसतं ते पाणी बघत मी पायरीवर बसले. शेजारी एक म्हातारी बोरांची पाटी घेऊन बसली होती. देगलूरकडची असावी, बोलताना मधेच तेलुगू शब्द टाकायची.

"कुठं ऱ्हातीस माय?" तिनं विचारलं.

"इथंच," मी म्हणाले. कसं निघालं तोंडातून, सांगता येत नाही.

"मालक काय करतेत?"

"लातूरला हायत. ऑफिसात."

"आन् लेकरं?"

"दोन. दोघं बी पोरंच."

म्हातारीनं मूठभर बोरं माझ्या ओंजळीत टाकली. "पोरायला दे," म्हणाली. ती बोरं मी वाटेतच खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी परत गेले. धाकट्याला सर्दी झालीय असं सांगितलं. तिनं ओवा भाजून छाती शेकायला सांगितलं.

रविवारी मैत्रिणीला सुट्टी होती. तिचे मालक येणार होते, पण सकाळी निरोप आला, जमत नाही. "चल, नदीवर जाऊ," ती म्हणाली. मी पलीकडच्या टोकाकडं वळायला लागले, तर म्हातारीनं लांबूनच हाक मारली.

"आज बी पोरं आणली न्हाईस का गं माय? धाकट्याची सर्दी कशी हाय?"

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं, मग म्हातारीकडं. "बरी हाय," ती म्हणाली. "दोघं बी मामाकडं गेलेत."

तिनं बोरं घेतली. आम्ही बऱ्याच लांब जाऊन बसलो.

"दोन हायत?" तिनं विचारलं.

"हाव."

"आणि मालक?"

"लातूरला," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं बोराची बी थुंकली आणि पाण्याकडं बघत सांगितलं, "मला मूल होणार न्हाई. डॉक्टरनं उन्हाळ्यातच सांगितलं. यांची बदली कुणी केली न्हाई गं, यांनी मागून घेतली. दर रविवारी येतो म्हणतेत. दिवाळीपासून एकदा आले."

तिच्या घरात पाच दिवस राहून मला यातलं काही दिसलं नव्हतं. तीच पुढं म्हणाली, "नावं काय ठेवलीस?"

"म्हातारीनं विचारलीच न्हाईत."

मग आम्ही नावं शोधत बसलो. थोरल्याला मी सुचवलेलं तिला पसंत पडेना, तिनं सुचवलेलं मला. भांडता भांडता हसूही आलं. अखेर ठरलेली ती दोन नावं मी कुणाला सांगितलेली नाहीत.

आजारी बाई काही परतली नाही, म्हणून उरलेले दोन दिवस मी दुपारी डबा घेऊन तिच्या ऑफिसला जायचे. मागच्या अंगणात उन्हात उभ्यानंच आम्ही जेवायचो. मग माझी सुट्टी संपली.

पुढच्या वर्षी तिलाही लातूरला बदली मिळाली. दोघांचं काहीतरी जुळलं असावं, कारण क्वार्टरमध्ये दोघं एकत्रच राहायला लागली. माझ्या गावाहून लातूर एसटीनं दीड-दोन तासांवर. आता दर रविवारी भेटू, असं मला वाटलं. तीनदा गेले. तिचे मालक भला माणूस, स्वतः चहा करून द्यायचे. पण ते खोलीत असले की ती माझ्याकडं सरळ बघत नसे. स्वयंपाकघरातच काहीतरी काढत राहायची. तिसऱ्या वेळी स्टँडवर सोडायला आली, तेव्हा वाटभर नळाला पाणी किती दिवसांनी येतं तेच सांगत होती. गाडी सुटताना "पत्र टाक" म्हणाली. मी टाकलं. त्याला उत्तर आलं नाही, आणि मग मीही टाकलं नाही.