तात्यांचं निळ्या ठिपक्यांचं धोतर

तात्यांच्या संदीपचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी झालेली, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि आमचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकून जांभया देत बसलेला. "दादा, तात्या गेले," संदीप म्हणाला. "सकाळी चिमण्याला पाणी पाजत होते. तिथंच खाली बसले... उठलेच नाहीत." मी काय बोललो ते आठवत नाही. फोन खिशात ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो चिमण्या, तात्यांचा पांढराशुभ्र बैल, शिंगांपासून खुरांपर्यंत निळा झालेला. शेजारी कमरेवर हात ठेवून तात्या. मला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होतो. शेजारच्या सहकाऱ्याला वाटलं, ओव्हरटाइमने याचं डोकं फिरलं. या गोष्टीला आता महिना उलटून गेलाय, पण अजून तसंच होतं. तात्यांची आठवण रडवायला म्हणून येते आणि जाताना हसवून जाते.

बबनराव, म्हणजे आमचे तात्या, मला पहिल्यांदा भेटले ते कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्या रंगवायच्या विभागात. मी लातूरकडून आयटीआय करून आलेलो, रहाटणीत चौघांत मिळून एक खोली घेतलेली, अंगावरचा युनिफॉर्म दोन माप मोठा. आमच्या शॉपमध्ये माणसाला त्याच्या जिल्ह्याने हाक मारायची पद्धत होती. कुणी बीडकर, कुणी जालनेकर, मी लातूरकर. तात्या तेवढे नुसते तात्या, कारण ते इथलेच. कंपनीच्या भिंतीपलीकडे त्यांचं गाव. "भिंतीच्या अलीकडं बी आमचंच हुतं की," असं ते सांगायचे, पण त्यात कुरकुर नसायची. गाड्यांना रंग मारायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि एखाद्या कारागिराने मूर्ती रंगवावी तसं लाडाने केलं. भट्टीतून दार किंवा बॉनेट बाहेर आलं की त्यावरून ते तळवा फिरवायचे, डोळे मिटून. "डोळं फसवत्यात, हात न्हाई फसवत." आणि त्यांचा दुसरा नेम, जो त्यांनी माझ्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवला: नवा रंग असो, नवी स्प्रे गन असो की नवा माणूस असो, पहिलं जुन्या पत्र्यावर, मग गाडीवर. माझ्या पहिल्या दिवाळीला मला सुट्टी मिळाली नाही, तर हे गृहस्थ शिफ्ट सुटल्यावर मला मोटरसायकलवर मागे बसवून थेट घरी घेऊन गेले. काकूंनी मासवडी वाढली. मी चौथ्या भाकरीला लाजून नको म्हणालो, तर तात्या म्हणाले, "खा रे, तुजी ट्रायल चाललीय." त्या दिवसापासून ते घर माझं झालं ते आजपर्यंत.

चिमण्याची ओळख मला तिथंच झाली. नाव चिमण्या आणि अंगाने हत्ती. आमच्या लातूरकडे बैल म्हणजे औत. चाकणच्या पट्ट्यात बैल म्हणजे घाट, म्हणजे शर्यतीची ती चढाची धावपट्टी. तिथल्या एका धावेला बारी म्हणतात, आणि बारी जिंकली की बैलावर गुलाल पडतो. जिंकल्याशिवाय बैलाला गुलाल लावायचा नाही, हा तात्यांच्या घरचा कडक नेम. पण चिमण्याचं नशीब असं, की तो ऐन भरात आला तेव्हा शर्यती बंद होत्या, आणि पुन्हा सुरू झाल्या तोवर त्याचे गुडघे धरले होते. लोक म्हणाले, विकून टाका. तात्या म्हणाले, "त्यानं काय गुन्हा केलाय? त्याला आता नुसतं चरू द्या." त्यासाठीच तर त्यांना तो माळ हवा होता.

माळ म्हणजे तात्यांच्या घरालगतचा, गावाबाहेर कंपन्यांच्या मध्ये उरलेला एक तुकडा. पूर्वी तिथे कमरेएवढं गवत असायचं. तात्या निवृत्त होऊन माळावर परतले तेव्हा तिथे गाजरगवत कमरेएवढं झालेलं. गुरं त्याला तोंड लावत नव्हती आणि तात्यांच्या अंगावर त्याने गांध्या उठत होत्या. संदीप, त्यांचा मुलगा, तळवड्याला आयटी पार्कमध्ये नोकरीला. एक ट्रान्सपोर्टवाला ट्रक उभे करायला ती जागा भाड्याने मागत होता. एका रविवारी जेवताना संदीप सरळ म्हणाला, "तात्या, रात्रभर खाजवत बसता तुम्ही. जनावराला काडी मिळत नाही. कशासाठी ठेवायचं हे? देऊन टाकू." पोरगा चुकीचं बोलत नव्हता. तात्या बराच वेळ ताटातल्या भाताचे ढीग करत राहिले. मग म्हणाले, "एक पावसाळा दे मला. गवत न्हाई आलं, तर मीच तुज्या ट्रकवाल्याला बोलावतो." संदीपने मान डोलावली. झालं, पैज लागली.

उपटून त्या गाजरगवताला पुरं पडणं शक्य नव्हतं. घरात लहान ट्रॅक्टर होता, बागेत चालतो तसला. त्याच्या मागे बसेल असा छोटा फवारणी पंप घ्यायचा, गवताला धक्का न लावता रुंद पानांचं तण मारणारं औषध वापरायचं, आणि डब्यावर लिहिलेत तितके दिवस जनावर माळावर सोडायचं नाही, असं ठरलं. पंप निवडायला तात्यांनी किती रविवार खर्च केले याची गणती नाही, आणि प्रत्येक रविवारी बरोबर मी. चाकणच्या दुकानदाराने आधी मोठा पंख्याचा ब्लोअर दाखवला, द्राक्षवाले हाच नेतात म्हणाला. "आमाला कुठं मांडव फवारायचाय? आमचं तण पायाशी हाय." मग त्याने भली मोठी टाकी दाखवली. तात्यांनी टाकीला प्रदक्षिणा घातली. "ही भरली की माजं ट्रॅक्टर पुढनं उचलंल. माळाला चढ हाय, राव." मग लांब दांडा आला, ज्यावर ओळीने नोझल असतात. तात्यांनी हात फैलावून दुकानातच ट्रॅक्टर चालवून दाखवला. एक चाक खड्ड्यात गेलं तर दांड्याचं हे टोक मातीत आणि ते टोक आभाळात! शिवाय माळाच्या तोंडाशी दोन बाभळी, त्यांच्यामधून तो जायचा कसा? शेवटी लहान टाकी, घडी होणारा आखूड दांडा, आणि कुंपणाच्या कडेला हाताने मारायला पाइप आणि गन, अशी मोट बांधली. काकू म्हणाल्या, "मला बघायला आले तवा पोहे संपायच्या आत हो म्हणाले. आन् या टाकीला दोन महिने!"

पण खरी गंमत पुढेच आहे. दुकानदाराने नोझलचा डबा उघडला आणि आम्ही दोघे पेंट शॉपवाले एकदम जागे झालो. रंगाच्या कामात थेंब जितका बारीक तितकं काम देखणं, हे आमच्या रक्तात मुरलेलं. दुकानदार बिचारा सांगत होता, तणाला जाड थेंबाचं घ्या. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, अख्खी हयात फवारण्यात गेली माजी." मीही मोठ्या जाणकारासारखी मान हलवली. सगळ्यात बारीक धुकं सोडणारं नोझल आम्ही निवडून, वर त्याला रंगाच्या गनसारखा भरपूर दाब द्यायचा बेत करून, विजयी मुद्रेने घरी आलो.

पहिलं पत्र्यावर, मग गाडीवर. इथेही नेम मोडायचा नव्हता. म्हणून टाकीत औषध नाही, नुसतं पाणी, आणि ते कुठं पडतंय ते दिसावं म्हणून काकूंच्या न्हाणीतली निळीची अख्खी बाटली. पत्र्याच्या जागी तात्यांनी आपलं लग्नातलं जुनं धोतर आणून माळावर अंथरलं, चार कोपऱ्यांना दगड ठेवले. पंप सुरू झाला. असं सुरेख धुकं उठलं म्हणता, की मी टाळीच वाजवली. तात्या खाली उतरले, धोतरावरून तळवा फिरवला. एकसारखा आकाशी रंग, कुठे डाग नाही, कुठे ओघळ नाही. "बघ लातूरकर," ते भरल्या आवाजात म्हणाले, "शोरूमचं काम झालंय."

आणि तेवढ्यात घराकडून काकूंची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. दुपारचा वारा सुटला होता आणि आमचं शोरूमचं काम धोतरापाशी थांबलंच नव्हतं. दोरीवरचे कपडे निळे. ओट्यावरची मांजर निळी. बाभळीखाली बांधलेला चिमण्या निळाशार, आणि इतका अपमानित चेहरा करून उभा, की त्याच्याकडे बघायची सोय नव्हती. तात्या कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभे राहिले आणि गदगदा हसायला लागले. काकू ओरडत आल्या आणि बैलाला बघून त्याही पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "आवो, जिंदगीत गुलाल न्हाई लागला त्याला, आन् तुमी नीळ लावली!" संदीपने फोटो काढला. तो फोटो अख्ख्या गावात फिरला.

हसता हसता तात्या बांधापर्यंत गेले आणि तिथे मात्र थांबले. पलीकडे त्यांच्या धाकट्या भावाची मेथी होती, कोवळी, नुकती हाताला आलेली. तिच्या पानांवर बारीक निळे कण बसले होते. तात्यांनी एक पान तोडून तळहातावर ठेवलं. त्यांचं हसू गेलं होतं. "हे औषध असतं, तर भावाचं रान गेलं असतं रे..." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शॉपात रंग मारायच्या बूथमदी उडालेलं वडून घ्यायला पंखं हुतं. हितं बूथ न्हाई, लातूरकर. हितं वारा हाय." दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात गेले आणि म्हणाले, "दे बाबा तुजी जाड थेंबं. मला अक्कल आली." दाब कमी केला, दांडा गवताच्या जवळ आणला, आणि वारा उठायच्या आत सकाळी फवारायचं ठरवलं. पण त्याआधी पुन्हा पाणी, पुन्हा नीळ, पुन्हा तेच धोतर. या वेळी त्यावर टपोरे, सुटे ठिपके पडले. तात्यांना ते आवडले नाहीत, दिसत होतं. रंगारी माणूस! पण भावाची मेथी हिरवी राहिली. चिमण्याने मात्र धडा घेतला. पंपाचा आवाज आला, की हा धिप्पाड बैल मुकाट गोठ्याच्या मागे जाऊन उभा राहायचा.

त्या पावसाळ्यात तात्या रोज माळावर जाऊन बसायचे. गाजरगवत फुलायच्या आत मान टाकून वाळलं, मग काही दिवस माळ नुसता उघडा दिसला आणि आम्हा सगळ्यांचा जीव खालीवर झाला. मग मातीतून मारवेल वर आलं. जुनं, त्यांच्या लहानपणचं गवत... ते तिथेच होतं, वाट बघत. गणपतीच्या सुमारास वाऱ्याने त्याच्या लाटा व्हायला लागल्या. संदीप एका संध्याकाळी ऑफिसातून थेट माळावर आला, गळ्यात आयकार्ड तसंच, बूट हातात, आणि गवतातून अनवाणी चालत सुटला. परत आला तो म्हणाला, "ट्रकवाल्याला नाही म्हणून कळवलं." तात्या उठून घरात गेले, देवघरातून मूठभर गुलाल आणला आणि चिमण्याच्या कपाळावर, पाठीवर, शिंगांवर उधळला. आयुष्यात पहिल्यांदा. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "तात्या, कुठल्या घाटात मारली बारी?" तात्या छाती काढून म्हणाले, "घरच्या माळावर!" त्यांना मी इतकं आनंदात कधीच पाहिलं नाही.

त्यानंतर काही वर्षं अशीच सुखाची गेली. दर पावसाळ्याला उरलंसुरलं गाजरगवत मारायचं, त्याआधी निळीची ट्रायल घ्यायची आणि मग काकूंच्या हातचं जेवायचं. यंदा उन्हाळा संपतासंपता तात्या गेले. दहाव्याला नातेवाईक जमले, तेव्हा कुणीतरी हळूच विषय काढलाच. आता माळाचं काय, बैल म्हातारा, संदीप दिवसभर तळवड्याला, ट्रकवाला अजून विचारतोय. संदीप ऐकत होता. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी बसने परत येताना त्या भिंतींच्या मधला हिरवा तुकडा बघून घेतला. वाटलं, हा शेवटचा. खरं सांगतो, तात्या गेल्याचं दुःख मला त्या दिवशी सगळ्यात जास्त झालं.

गेल्या शनिवारी संदीपचा फोन आला. "दादा, उद्या सुट्टी आहे ना? गाजरगवत फुलायच्या आत मारायला पाहिजे. आणि ते जाड थेंबाचं नोझल तात्या कुठं ठेवायचे?"

ते तात्यांच्या जुन्या डब्यात होतं, कंपनीत भाकरी न्यायचे त्या. उजाडताना आम्ही माळावर पोचलो. वारा पडलेला. संदीपने टाकीत पाणी भरलं, मी निळीची बाटली काढली, काकूंनी ट्रॅक्टरच्या सीटखालचं धोतर काढलं. इतक्या वर्षांत त्याचा पांढरा रंग जवळजवळ दिसेनासा झालाय, पहिल्या दिवसाच्या आकाशी रंगावर नुसते ठिपक्यांवर ठिपके. काकूंनी स्वतः त्याच्या कोपऱ्यांना दगड लावले. पंप सुरू झाला तसा चिमण्या उठला, आमच्याकडे पाहिलं आणि गोठ्यामागे चालता झाला. काकू खळखळून हसल्या... तात्या गेल्यानंतर पहिल्यांदा. संदीप ट्रॅक्टरवरून उतरला, गुडघ्यांवर बसला आणि डोळे मिटून धोतरावरून तळवा फिरवला. कुणी शिकवलं होतं त्याला? मी तोंड फिरवून टाकीत औषध मोजायला लागलो.

फवारणी झाल्यावर मी हातपाय धुऊन आलो तेव्हा धोतर दोरीवर वाळलं होतं. मी ते काढून काकूंना म्हटलं, हे आता जपून कपाटात ठेवा, आठवण म्हणून. संदीपने ते माझ्या हातातून घेतलं, झटकलं, घडी घातली आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली होतं तिथे परत खुपसलं.

"कपाटात कशाला?" तो म्हणाला. "पुढच्या वर्षी लागेल."