चिठ्ठी नसलेले कप्पे

स्क्रू-बिजागऱ्यांच्या त्या दुकानात आठशे कप्पे होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. "मी असताना चिठ्ठी कशाला?" असं थोरला चाळीस वर्षं ऐकवत आला. गिऱ्हाईक दारात असतानाच त्याचा हात नेमक्या कप्प्यावर जायचा. धाकट्या भावाने शिडी धरायची आणि "अरे ढ, डावीकडचा!" हे ऐकायचं.

दोन वर्षांपूर्वी धाकट्याची साखर वाढली. डॉक्टरांनी रोज पाऊण तास झपाझप चालायला सांगितलं. वर म्हणाले, छाती धडधडली की मेंदूलाही रक्त चांगलं मिळतं, स्मरणशक्तीला मदत होते. थोरला पोट धरधरून हसला. "पायांनी का कुणाचं डोकं चालतं?"

चाललं की हो! धाकटा हळूहळू पितळी कड्या, पाऊण इंची खिळे न विचारता काढून देऊ लागला. आणि खुर्चीत बसून बसून जडावलेला थोरला अडखळायला लागला. गिऱ्हाइकं त्याच्या तोंडावर विचारायची, "धाकटे मालक आहेत का?" थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ, पण त्याचं कौतुक काही केल्या पाहवेना.

एका दुपारी धाकटा जेवायला गेला तेव्हा थोरल्याने बारा कप्प्यांची अदलाबदल केली. होऊ दे लेकाची फजिती!

संध्याकाळी सुतार बिजागऱ्या मागायला आला. धाकट्याने कप्पा ओढला तर आत कड्या. तो गोंधळला. "सर बाजूला," म्हणत थोरला ऐटीत उठला. एक कप्पा उघडला, खिळे. दुसरा, वॉशर. आपणच काय कुठे ठेवलं ते त्याला आठवेना! सहा कप्पे उघडे पडले. धाकट्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, काय ते ओळखलं, आणि सुताराला बिजागऱ्या हुडकून देऊन बाराही कप्पे जागच्या जागी लावले. तोंडातून ब्र काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे थोरला बूट घालून निघाला, तोही मुद्दाम धाकट्याच्या उलट दिशेने. पण फिरायला रस्ता एकच, तळ्याभोवतीचा. धाकटा समोरून आला आणि वळून त्याच्या जोडीने चालू लागला.

"दादा, जरा दमानं. दम लागावा, पण बोलता यावं, एवढंच चालायचं."

"मला तुझ्याशी बोलायचंच नाही," थोरला धापा टाकत म्हणाला.

धाकट्याने त्याच्यासाठी चाल हळू केली. तेही थोरल्याला डाचलं.

"काल तुझ्या वहिनीला हाक मारायला गेलो," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तर नावच येईना. 'अगं' म्हणून वेळ मारून नेली."

धाकटा थबकला. "तिला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय, म्हणून तर तुझा जास्त राग येतो."