फुकटातली दुबई आणि मायचा सवाल

दोन वर्षांपूर्वी ऐन रोवण्यात, भाताची लावणी चालू असताना, मी घर सोडलं. माय धानाच्या बांधीतून उठून थेट वारासिवनीच्या बस स्टँडवर आली, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. "पाय तरी धुवायचे ना माय," मी चिडलो. "अन् गाडी सुटली असती तं?" ती म्हणाली. मग माझ्या नव्याकोऱ्या बॅगवर हात ठेवून, मी अजून बसमध्ये चढलोही नव्हतो तर विचारते, "कधी येशीन?" बॅगवर तिचा चिखलाचा पंजा उमटला. अशी बॅग विमानात कशी न्यायची, म्हणून बसमध्ये बसल्या बसल्या मी तो रुमालानं घासून पुसून टाकला.

दुबईत मी एसी दुरुस्त करतो. सहा दिवस लोकांची घरं थंड करायची अन् सातव्या दिवशी छुट्टी. छुट्टीचा दिवस लय वाईट, बाप्पा! खोलीत सहा जण, सहाही भिंतीकडे तोंड करून मोबाईलमध्ये. म्हणून मी बाहेर पडायचो. पैसे घरी पाठवायचे असल्यानं फुकट काय काय पाहता येते, त्याचा मी पक्का जाणकार झालो. समुद्राचा किनारा फुकट. जुन्या बाजारात मसाल्यांची पोती हुंगत फिरणं फुकट. खाडीतले गुलाबी पक्षी फुकट. मोठ्या मॉलसमोर गाण्यावर नाचणारं कारंजं, तेही फुकट. फक्त 'कसं वाटलं?' असं विचारणारं सोबत कोणी नव्हतं.

सुरुवातीला मायच्या फोनवर एकच धोशा, कधी येशीन, कधी येशीन. एकदा बानं सांगितलं, "तुही माय धड जेवत नाही." मग मी व्हिडिओ पाठवायला लागलो. किनाऱ्यावर हसणारा मी, बाजारात हसणारा मी. पक्षी पाहून माय म्हणाली, "आपल्या बांधीतल्या बगळ्यायले कोनं रंग लावला रे?" ती जेवायला लागली. अन् विचारायची थांबली. "लेकरू मजेत आहे," असं आख्ख्या मोहल्ल्याले सांगत सुटली.

खरं सांगतो, तो सवाल बंद झाला तसा मी आतून पार रिकामा झालो. इकडं आणखी दोन वर्षांच्या नोकरीचा कागद सहीसाठी समोर आला. मी मनाशी ठरवलं, मायनं एकदा, फक्त एकदा विचारलं तर सही नाही करायची. आठवडा गेला, दुसराही संपत आला. ती रोज बोलायची ते पावसाचं. पाऊस दडी मारून बसला होता, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाळत होते, रोवणं अडलं होतं. माझ्या येण्याचं नाव नाही.

सहीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, कारंज्यासमोर उभं राहून मी तिला व्हिडिओ कॉल लावला. गाणं सुरू झालं, पाणी उंच उसळलं, गर्दी ओरडली. माय डोळे फाडून पाहत होती.

"अरे बापा! येवढं पानी! कोनाच्या बांधीत जाते रे हे?"

"कोनाच्याच नाही माय. वर जाते अन् तिथंच पडते."

"मंग काहून उडवतेत?"

मला हसू आलं. ते आलं तसं ओसरलं. दोन वर्षं ह्या पाण्यापुढं एकट्यानं उभा राहत होतो, अन् हे मला कधी सुचलं नव्हतं. तेवढ्यात ती म्हणाली, "कॅमेरा तुह्याकडं कर." केला. व्हिडिओसारखं हसायचं मात्र राहून गेलं. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"कधी येशीन?"

"पोळ्याले," मी म्हणालो. "माय, तू विचारत काहून नव्हती?"

"तू खुशीत दिसे रे. मले वाटलं, बोलावलं तं तुले जड जाईन."

कागद मी सही न करता परत दिला. खोलीतले रात्रपाळीवाले गेल्यावर कॉटखालून बॅग ओढली. पंजा होता ती जागा शोधली, बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं. चांगलीच पुसली होती मी.

आता घर म्हटलं की मला तो सवालच ऐकू येतो. इकडं आलेल्या भावांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. अन् गावातल्या मायबापांनो, आमचे व्हिडिओ कितीही हसरे असू द्या, विचारत जा बाप्पा. आम्ही तेवढ्याचीच वाट पाहून राह्यलो.