धनराजची वायर आणि माझा कागद

आमच्या शेजारचा धनराज म्हणजे संशयाचं पोतं. पंचवटीच्या बाजारात मेथीची जुडी घ्यायची तरी चार गाड्यांवर पानं उलटून बघणार आणि शेवटी पहिल्या गाडीवर परत येणार. "अरे, भाजी घेतोयस की सोयरीक जमवतोयस?" असं मी त्याला छेडायचो.

२००१ साली तो अंबडच्या एका कारखान्यात संगणकाचे प्रोग्राम लिहायचा. तिथे लोखंडाचे भाग तापवून तेलाच्या हौदात बुडवत. तेल किती तापलंय ते ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसावं, एवढं काम. हौदाजवळचा आणि ऑफिसातला, अशा दोन संगणकांचं बोलणं जुळवायला तयार कोडची लायब्ररी मिळते. त्याच्यापुढे दोन होत्या. एक फुकट, वायर निघाली की लाल खूण दाखवणारी. दुसरी विकतची, ती शिवाय दर पाच सेकंदांनी पलीकडे विचारायची, आहेस का? उत्तर आलं नाही तरी लाल खूण.

"म्हणजे आमच्या हिच्यासारखी," मी म्हणालो.

तो हसला नाही. "नाना, हौदापाशी मंगळू उभा असतो, पेठकडचा. तेल जास्त तापलं की ऑफिसातून भोंगा वाजणार, तेव्हा तो बाजूला होणार. स्क्रीनच गप्प बसली तर त्याला कोण सांगेल?"

मग त्याने त्याच्या खिडकीतून माझ्या खिडकीत वायर ओढली आणि एक संगणक माझ्या टेबलावर मांडला. मी मनाला येईल तेव्हा वायर उपटायची, परत खोचायची आणि वेळ कागदावर लिहायची. फुकटच्या लायब्ररीच्या वेळी मी वायर आठदा उपटली, नवलाई होती. आठही तिने पकडल्या. विकतचीची पाळी आली त्या रविवारी टीव्हीवर मॅच होती. चारदा उठलो. उरलेल्या चार वेळा बसल्या जागी लिहून टाकल्या.

संध्याकाळी धनराज आला. "नाना, आठातल्या चार हिने पकडल्याच नाहीत. नक्की उपटली होती ना?"

"मग काय, वायरीशी लबाडी करू? विकतचं तेवढं शहाणं, असं कुणी सांगितलं तुला?"

त्याने फुकटची घेतली.

पुढच्या जुलैत एका दुपारी हौदाजवळचा संगणक गोठला. वायर शाबूत, म्हणून लाल खूण नाही. ऑफिसातल्या स्क्रीनवर मघाचाच आकडा, निवांत. तेलाने पेट घेतला तेव्हा मंगळू हौदावर वाकलेला होता. सातव्या दिवशी सरकारी दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

धनराजने नोकरी सोडली. आता कोर्टाजवळ अर्ज टाइप करून देतो. माझा कागद त्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपलाय. "दुसरी घेतली असती तरी तेच झालं असतं, नाना. तीही नापासच होती," असं अधूनमधून येऊन म्हणतो. मी मान हलवतो.

कागदावर विकतचीच्या पहिल्या चार वेळा वेड्यावाकड्या आहेत: दहा सात, दहा एकतीस, अकरा दोन, अकरा एकोणीस. पुढच्या चार बरोब्बर बारा, सव्वाबारा, साडेबारा, पावणेएक.

परवा धनराज आमच्याकडे येऊन तो कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बसला होता. मी चहाचं सांगायला म्हणून आत गेलो. चहा झाला, गार झाला. बाहेर यायचा मला धीर होईना.