न झालेल्या रोगाची गोळी

थोरल्या भाच्यानं धाकट्याला कॉलर धरून माझ्या औषधाच्या दुकानात आणलं, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सोलापूरची नवी पेठ गजबजलेली. गावाकडून, वळसंगहून येताना वाटेत टेम्पो थांबवून दोनदा मारलं होतं. धाकट्याचा ओठ फाटलेला, शर्टावर रक्त. थोरल्यानं गोळ्यांची बाटली काउंटरवर आपटली.

"मावशे, ही एड्सची गोळी हाय का न्हाय? गावात सगळी म्हणत्यात."

बाटली माझ्याच दुकानातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दीड वर्षं धाकट्याला मीच देत होते. त्याला पुरुष आवडतात हे मला ठाऊक होतं. गोळी सुरू होण्याआधी हा साधं पुरळ आलं तरी एड्सच्या भीतीनं रक्त तपासायला धावायचा, जेवण टाकायचा, आरशात जीभ बघत बसायचा. गोळी सुरू झाल्यावर अंग भरलं, नोकरी टिकली. रविवारी जुळे सोलापूरला माझ्याकडे येऊन मटणाला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायचा. मला तेवढं पुरे होतं.

मी सरळ सांगितलं, "रोग नाही झालेला. होऊ नये म्हणून घेतो. रिपोर्ट दाखवू?"

थोरला स्टुलावर बसला. घाम पुसला. "खरं की काय? आईला फोन लावतो. रडून मरायली ती." भावाच्या पाठीवर हातही ठेवला. मला वाटलं, मिटलं.

मग मान वर करून म्हणाला, "हू नये म्हंजे? कुणाकडनं?"

तिथं मी काहीतरी थाप मारायला हवी होती. सुचली नाही. धाकटाच बोलला, "पुरुषांकडून, दादा."

भावाला आजारी समजून मारलं तेव्हा थोरला रडला होता, डोळे अजून लाल होते. आता रडला नाही. केस धरून त्यानं धाकट्याचं तोंड काउंटरच्या कडेवर आदळलं. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. खाली पडल्यावर लाथा.

"रोगानं मेला असतास तर बरं झालं असतं! लोकांना सांगता तरी आलं असतं!"

दारात माणसं जमली, आत कुणी आलं नाही. मी शटर ओढायचा गज उचलला. पहिला फटका थोरल्याच्या मनगटावर घातला, दुसरा गुडघ्यावर. हा माझ्या मांडीवर वाढलेला. तिसऱ्याला तो खाली बसला.

"मावशे, तू बी त्याच्याच बाजूची?"

"मी बी. चल, नीघ."

संध्याकाळी दवाखान्यात धाकट्याचा जबडा तारेनं बांधलेला. त्यानं खूण केली, गोळी. मी चिडले. "या तोंडानं आता कुणाकडे जाणार आहेस रे?"

त्यानं मोबाईलवर लिहिलं, 'कुणाकडे नाही. चुकली की जुनी भीती परत येते. आज तेवढी तरी नको.'

डॉक्टरांना विचारून मी गोळी कुटली, पाण्यात कालवली आणि बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडली. थोडं पाणी रक्तासकट मानेवर ओघळलं. बाकीचं गिळायला त्याला वीस मिनिटं लागली.