नव्याण्णव टक्क्यांची लबाडी

बेंगळूरच्या त्या कारखान्यात मी तपासणी विभागात लागले, तेव्हा लेथ जुळवून देणाऱ्यांत सगळ्यांत जुने होते ते अण्णा. मी राहायची त्यांच्याच मागच्या खोलीत आणि जेवायची त्यांच्या बायकोच्या हातचा सारू-भात. आणि नेमकी त्यांचीच तपासणी माझ्या वाट्याला आली.

लेथवर कातलेल्या शाफ्टची, म्हणजे धातूच्या दांड्यांची, सरासरी जाडी पंचवीस मिलिमीटर हवी होती. "माझं सेटिंग चुकत नाही," असं अण्णा चारचौघांत बोलून बसले होते. चुकलेलं निघालं तर काम दुसऱ्याकडे, असं साहेबांनी बजावलं होतं.

मी दहा शाफ्ट मोजले, हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. नेहमीप्रमाणे पंच्याण्णव टक्के खात्री धरून, खरी सरासरी ज्यात असावी तो पट्टा आला २५.००१ ते २५.००९. पंचवीस या पट्ट्यात असते तर तक्रारीला जागा नव्हती. पण ते बाहेर होते. केसाच्या जाडीइतकंही नाही, तरी बाहेरच.

मग डोकं चाललं. खात्री जास्त मागितली की पट्टा रुंद होतो. नव्याण्णव टक्के धरले, तर २४.९९९ ते २५.०११. पंचवीस आत येऊन बसले. मी सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले.

साहेबांनी एवढंच विचारलं, "नव्याण्णव कधी ठरवलंत? मोजायच्या आधी की नंतर?"

मला खोटं बोलणं जमत नाही. आधी कान लाल होतात.

"नंतर," मी म्हणाले.

अण्णांचं काम त्याच दुपारी दुसऱ्याकडे गेलं. मला इतकी लाज वाटली की कारखान्याच्या बसमध्ये मी त्यांच्यापासून सहा बाकं मागे बसले. घरी पोचताच पेटी भरायला घेतली. अण्णा दारात येऊन उभे राहिले. मी नव्याण्णवसकट सगळं सांगून टाकलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "स्वल्प जाड झाला असेल माझा शाफ्ट. उद्या नवा माणूस ते नीट करेल. पण अगं, यापुढे एखादा शाफ्ट बरोबर आहे असं तू लिहिलंस तर कोण मानणार?"

मग जेवायला चल म्हणाले. मी पेटी अर्धी भरलेली तशीच ठेवून त्यांच्यामागे गेले.